छोट्या मैफलीला स्पीकर कसे लावावेत

कोजागरीची गच्ची, दिवाळी पहाटेचं चाळीचं आंगण, सोसायटीच्या हॉलमधली भावगीतांची संध्याकाळ. माणसं तीस ते ऐंशी, गाणारे एक-दोन, साथीला पेटी-तबला, फार तर एखादी गिटार. एवढ्यासाठी टेम्पोभर साउंड लागत नाही. हातात उचलून नेता येतील असे दोन स्पीकर, एक छोटा मिक्सर आणि पाच-सहा माइक पुरतात. अशा मैफली बिघडतात त्या बहुतेक वेळा स्पीकर चुकीच्या जागी उभा केल्याने. वॅट कमी पडले म्हणून क्वचितच. त्यामुळे या लेखात बटणांपेक्षा जागेबद्दल जास्त लिहिलं आहे.

तारीख ठरली की आधी परवानगी

लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. आपल्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात अर्ज करा आणि मिळालेला कागद कार्यक्रमाच्या वेळी जवळ ठेवा. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. बंदिस्त हॉलमध्ये आतल्यापुरता आवाज चालतो. राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, पण आपली तारीख त्यात आहे असं गृहीत धरू नका, विचारून घ्या. रुग्णालय, शाळा किंवा न्यायालय जवळ असेल तर भोवतालचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्रात येतो का, हेही तेव्हाच विचारा.

आवाजाचा आकडाही लक्षात असू द्या. निवासी भागाची दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. खासगी जागेच्या हद्दीवर आपला आवाज त्याहून ५ डेसिबलपेक्षा वर जाता कामा नये, म्हणजे कुंपणाशी ६०. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. ६० डेसिबल म्हणजे दोन माणसं समोरासमोर बसून नेहमीच्या आवाजात बोलतात तेवढा आवाज. मोबाइलवरचं डेसिबल ॲप अंदाजापुरतंच खरं मानावं, पण गेटपाशी उभं राहून एकदा बघितलेलं बरं.

दिवाळी पहाटेला याचा एक परिणाम अनेकांच्या लक्षात येत नाही. कार्यक्रम ६ वाजता सुरू होणार असेल तर स्पीकरवरचा साउंड चेक ६ च्या आधी करता येत नाही. तो आदल्या संध्याकाळी, १० च्या आत उरकायचा. स्टँडच्या पायांच्या जागा जमिनीवर टेपने आखा, मिक्सरच्या प्रत्येक बटणाचा फोटो काढा आणि सामान आत नेऊन ठेवा, कारण रात्रभर उघड्यावर राहिलं तर दवाने माइक आणि स्पीकरचे कागदी कोन ओलावतात. पहाटे पुन्हा त्याच खुणांवर सगळं उभं करायचं आणि प्रत्येक माइक फक्त हेडफोनवर तपासायचा. तबलजींना मात्र आधी बोलवा. दमट हवेत शाई-पुडी सैल पडते आणि सूर उतरतो, मेळवायला वेळ लागतो.

काय काय लागेल

स्पीकर ‘ॲक्टिव्ह’ घ्या, म्हणजे ॲम्प्लिफायर आतच असतो. तीस-चाळीस माणसांना ८ इंची, त्याहून जास्त असतील तर १० किंवा १२ इंची. स्पीकरच्या खोक्यावर छापलेल्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. तो बहुतेक वेळा क्षणिक शिखराचा असतो. शिवाय वॅट दुप्पट केले की आवाज वाढतो अवघा ३ डेसिबल, आणि कानाला दुप्पट मोठं वाटायला सुमारे १० डेसिबल लागतात, म्हणजे दसपट वॅट. ५०० आणि १००० वॅटमध्ये गच्चीवर फरक जेमतेम जाणवेल. घोषणांसाठीचा भोंगा गाण्याला लावू नका. त्यातून खालचे सूर येतच नाहीत, डग्ग्याची घुमक हरवते.

भारतीय बैठकीला कॉलम स्पीकर चांगला जमतो: खाली बेसचा डबा, वर उभ्या दांड्यात छोटे छोटे स्पीकर. आवाज आडवा पसरतो, वर-खाली फारसा जात नाही, त्यामुळे छताला आणि फरशीला कमी आपटतो. जिथे विजेची खात्री नाही तिथे बॅटरीवर चालणारा स्पीकर घ्या. त्यावर लिहिलेले तास मध्यम आवाजाचे असतात. पूर्ण आवाजात बॅटरी खूप लवकर संपते.

एक गायक, एक निवेदक, पेटी, तबला-डग्गा आणि गिटार एवढं धरलं तर यादी अशी होते. साधे डायनॅमिक माइक सहा (एक शिलकीचा), बसून गायचं म्हणून बुटके बूम स्टँड (वर आडवी दांडी असलेले) चार, निवेदकाला उंच स्टँड एक, ५ मीटरच्या माइक केबल सहा, १० मीटरच्या चार, गिटारसाठी डीआय बॉक्स (गिटारची तार मिक्सरच्या माइक-सॉकेटला जुळवून देणारी डबी) एक, स्पीकर स्टँड दोन, कापडी टेप, हेडफोन आणि तीन पिनचे एक्स्टेन्शन बोर्ड दोन, तार १.५ चौरस मिमीची, तीन कोअरची. केबल घेताना पिनचं टोक स्क्रूने उघडणारं घ्या. साच्यात ओतलेलं टोक तुटलं की केबल फेकावी लागते. उघडणारं टोक दहा मिनिटांत डाग देऊन दुरुस्त होतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सुटे जॅक आणि केबल मीटरवर मिळतात, तिथून करून घेतलेल्या केबल वर्षानुवर्षं टिकतात.

मिक्सर घेताना किंवा भाड्याने सांगताना ‘आठ चॅनल’ या शब्दावर विसंबू नका. आठ चॅनलच्या पुष्कळ मिक्सरमध्ये माइक लावायची तीन भोकांची गोल सॉकेट चारच असतात, बाकीचे चॅनल कीबोर्ड किंवा मोबाइलसाठीचे. वरच्या यादीला अशी सहा सॉकेट लागतात: पाच माइक आणि डीआय बॉक्स. ती मोजून घ्या.

आणि वाहतूक. १२ इंची स्पीकर साधारण १५ ते २० किलोचा. दादर-गिरगावला जायचं असेल तर उपनगरातली रिक्षा माहीम-सायनच्या पुढे येत नाही, तेव्हा टॅक्सी किंवा छोटा टेम्पो आधीच सांगून ठेवा. चाळीच्या लाकडी जिन्यावरून एका स्पीकरला दोन माणसं.

वीज: इथे घाई नको

सगळा साउंड, म्हणजे मिक्सर, दोन्ही स्पीकर, लॅपटॉप, कीबोर्ड, एकाच पॉइंटवरून घ्या. भिंतीच्या या टोकाचा एक पॉइंट आणि त्या टोकाचा दुसरा असं केलं तर दोन ठिकाणच्या अर्थिंगमधला फरक केबलमधून वाहतो आणि स्पीकरमधून ५० हर्ट्झची सलग घरघर येते. ६ अँपिअरच्या पॉइंटवर २३० व्होल्टला १,३८० वॅट मिळतात. दोन ॲक्टिव्ह स्पीकर आणि मिक्सर नेहमीच्या गाण्याला त्याच्या बरेच आत राहतात. त्याच बोर्डावर चहाची किटली किंवा हॅलोजन लागला की एमसीबी पडते. म्हणून बोर्डाच्या उरलेल्या भोकांवर टेप लावून टाका. तार गुंडाळीवरची असेल तर पूर्ण उलगडा. गुंडाळलेली तार भाराने तापते.

जुन्या इमारतींत तीन भोकांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकात अर्थिंगच नसतं. दिवे असलेला सॉकेट टेस्टर स्वस्तात मिळतो, तो लावून बघा. मल्टिमीटर वापरता येत असेल तर फेज आणि अर्थ यांच्यात फेज-न्यूट्रलइतकेच व्होल्ट दिसायला हवेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच. तसं नसेल तर वायरमनला बोलवा. अर्थिंग नसलेल्या जागी गिटारवाल्याचा हात तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला लागले की झिणझिण्या येतात. झिणझिणी ही सूचना आहे. तिथे सगळं बंद करायचं. घरघर घालवण्यासाठी प्लगची अर्थची पिन काढणं किंवा दोन पिनचा ॲडॅप्टर लावणं हा जिवाशी खेळ आहे, कोणी सांगितलं तरी करू नका. अशा जागी बॅटरीचा स्पीकर आणि बॅटरीवरचा मिक्सर हाच मार्ग.

स्पीकर उभा कुठे करायचा

पहिला नियम: स्पीकर माइकच्या पुढे. गायक जिथे बसतो त्या रेषेच्या निदान एक-दीड मीटर पुढे आणि बाजूला. माइकने स्पीकरचा आवाज ऐकला की तो पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये जातो, आणि माइक शिट्टी मारतो. बटणं कितीही फिरवली तरी मागे ठेवलेल्या स्पीकरची शिट्टी पूर्ण जात नाही.

दुसरा: उंची. स्पीकरच्या वरच्या भागातला छोटा भोंगा, ज्यातून शब्द स्पष्ट येतात, तो समोरच्या सगळ्या डोक्यांच्या वर हवा. सतरंजीवर बसलेल्या माणसाचं डोकं जमिनीपासून ८०-९० सेंटिमीटरवर येतं, खुर्चीवरच्याचं सुमारे सव्वा मीटरवर. भोंगा दीड ते पावणेदोन मीटरवर ठेवा, आणि स्टँडला झुकवायची सोय असेल तर तोंड किंचित खाली, शेवटच्या रांगेकडे. स्पीकर खुर्चीवर ठेवला तर पहिली रांग कान धरते आणि मागचे ‘आवाज वाढवा’ म्हणतात. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो: एका मीटरवर ९० असेल तर चार मीटरवर ७८, आठवर ७२. स्पीकर उंच गेला की पहिल्या आणि शेवटच्या रांगेच्या अंतरातली तफावत कमी होते, हाच उंचीचा खरा फायदा.

तिसरा: भिंत आणि कोपरा. कोपऱ्यात ठेवलेला स्पीकर खालचे सूर फुगवतो. आवाज मोठा होतो पण शब्द बुजतात. भिंतीपासून शक्य तितका पुढे घ्या. सोसायटीचे हॉल म्हणजे फरशी, काचा आणि रंगवलेल्या भिंती, तिथे आवाज घुमणारच. स्पीकरची तोंडं माणसांवर रोखा, समोरच्या काचेवर नको. मागच्या भिंतीला जाड पडदा किंवा दोन सतरंज्या टांगल्या तर तेवढ्यानेही घूम कानाला कळेल इतकी कमी होते. अरुंद खोलीत एकच स्पीकर लावा. एका खोलीत चाळीस माणसांना दोन स्पीकर हवेतच असं नाही, आणि एक असला की शब्द जास्त स्वच्छ येतात.

गच्चीवर गायकांना कठड्याजवळ बसवून स्पीकर आतल्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या किंवा जिन्याच्या खोलीच्या भिंतीकडे रोखा. शेजारच्या इमारतीच्या बेडरूमकडे तोंड नको. ऐंशी माणसं लांब पसरून बसणार असतील तर एकाच टोकाला मोठा आवाज करण्यापेक्षा दुसरा स्पीकर मध्यावर ठेवा आणि दोन्ही हळू लावा. हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे ३ मिलिसेकंद लागतात, म्हणून १० मीटर पुढे ठेवलेल्या स्पीकरला मिक्सरमध्ये सुमारे ३० मिलिसेकंद डिले द्या. नाहीतर मागच्यांना प्रत्येक अक्षर दोनदा ऐकू येईल.

स्टँडचे पाय पूर्ण फाकवा, खालच्या आडव्या पट्ट्या जमिनीला समांतर येईपर्यंत. उंची वाढवल्यावर सुरक्षा पिन भोकात घाला, फक्त स्क्रूवर भरवसा ठेवू नका. एका पायावर वाळूची पिशवी, नाहीतर पाण्याने भरलेला ५ लिटरचा कॅन, म्हणजे ५ किलो. गच्चीवर वारा असतो, आणि कठड्याजवळचा स्पीकर बाहेर पडला तर खाली रस्ता आहे. तिथे उंची कमी ठेवा आणि दोरीने बांधा.

माइक

बहुतेक गाण्याचे माइक समोरचं ऐकतात आणि पाठीमागचं सोडून देतात. बूम स्टँडवर माइक थोडा वर, तोंडाकडे रोखला की त्याची पाठ गायकासमोरच्या जमिनीकडे होते. मॉनिटर, म्हणजे गायकाला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड केलेला वेगळा स्पीकर, ठेवायचा तो नेमका तिथे. सुपरकार्डिऑइड माइकचं मात्र वेगळं: तो पाठीमागून थोडं ऐकतो आणि मागच्या दोन तिरक्या बाजूंनी कमी ऐकतो, म्हणून मॉनिटर थोडा बाजूला. माइकच्या जाळीभोवती मूठ आवळली की माइक चारी बाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी येते. निवेदकांना हे आधी सांगा.

गायकाचा माइक ओठांपासून चार बोटं ते वीतभर. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल मिळतात, जे स्पीकरकडून मिळवायला चौपट वॅट लागले असते. गायक वही मांडीवर ठेवून मान खाली घालत असेल तर माइकही खालून वर रोखा. वही छोट्या उभ्या स्टँडवर ठेवली तर आणखी उत्तम.

पेटीचा माइक वरून तिरका, जाळीकडे, वीतभर अंतरावर. भात्याकडे रोखला तर हवेची फुसफुस आणि लाकडाची खटखट येते. छोट्या हॉलमध्ये पेटी स्वतःच पुरेशी मोठी असते, तेव्हा तिला स्पीकरमधून अगदी थोडं द्या. तबल्याला दोन माइक: दायाँच्या किनारीपासून १५-२० सेंटिमीटर वर एक, डग्ग्याला तेवढ्याच अंतरावर दुसरा. माइक कमी असतील तर दोन्हींच्या मधोमध एक, किंचित वर. हाताच्या वाटेत स्टँड येणार नाही ना, हे तबलजींकडूनच बघून घ्या.

प्रत्येक उघडा माइक शिट्टीची भीती वाढवतो. उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. निवेदन चालू नसेल तेव्हा निवेदकाचा माइक म्यूट.

कॉर्डलेस माइक टाळता आला तर टाळा. २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे स्वस्त संच वायफायच्याच लहरींवर असतात, आणि साठ मोबाइल हॉलमध्ये आले की अडखळतात. घ्यायचाच तर यूएचएफ, आणि सेल त्याच दिवशी नवे. ब्लूटूथवरून गाणं स्पीकरला द्यायचा विचारही करू नका. आवाज कळण्याइतका उशिरा येतो. ते मध्यंतरातल्या गाण्यांपुरतं ठीक.

तानपुऱ्याचं ॲप मोबाइलवर लावणार असाल तर विमान मोड, स्क्रीन बंद न होण्याची सोय, आणि चार्जर काढलेला. चार्जरची पिनपिन तानपुऱ्याइतकीच ऐकू येते.

जोडणी आणि साउंड चेक

माइक मिक्सरच्या चॅनलला, मिक्सरचं मेन आउट स्पीकरला. स्पीकरच्या पाठीवर माइक-लाइनचं बटण असतं, ते लाइनवर. माइकवर राहिलं तर आवाज फाटतो आणि लोक स्पीकरला दोष देतात. कंडेन्सर माइक (ज्याला चालायला वीज लागते) किंवा फँटम, म्हणजे मिक्सरने केबलमधून दिलेली वीज, मागणारा डीआय बॉक्स असेल तरच तिचं ४८ व्होल्टचं बटण दाबा, तेही चॅनल म्यूट करून. चालू करताना मिक्सर आधी, स्पीकर शेवटी. बंद करताना स्पीकर आधी. उलट केलं तर मोठा ‘धप्प’ आवाज येतो आणि तो स्पीकरच्या पडद्याला सोसत नाही. विजेची तार आणि माइकची केबल शेजारी-शेजारी लांब नेऊ नका. ओलांडायचीच तर काटकोनात. दारापाशी जिथे चपला काढतात तिथून केबल न्यायची नाही, आणि न्यावी लागलीच तर पूर्ण लांबीला टेप.

आता साउंड चेक. सगळे फेडर (आवाजाच्या सरकत्या पट्ट्या) आणि गेन (माइकचा आवाज मिक्सरमध्ये किती घ्यायचा ते ठरवणारा वरचा नॉब) खाली, टोनचे आणि पॅनचे नॉब मधे. पहिला गायक. त्याला तार सप्तकात, कार्यक्रमात जितकं मोठं गाईल तितकंच गायला सांगा. ‘हॅलो, चेक’वर गेन ठरवला की पहिल्याच तानेला लाल दिवा लागतो. गेन असा ठेवा की मोठ्यात मोठ्या सुराला दिवा पिवळा होईल, लाल कधीच नाही. मग फेडर शून्याच्या खुणेवर, आणि मास्टर हळूहळू वर. गायकाच्या आणि निवेदकाच्या चॅनलवर लो कट दाबा, ८० ते १०० हर्ट्झच्या खालचं सगळं जाऊ द्या. त्यात फक्त स्टँडचे धक्के आणि वारा असतो. डग्ग्याला लो कट नको, त्याचा जीवच तिथे आहे.

शब्द बुजत असतील तर ट्रेबल वाढवायच्या आधी २५० ते ४०० हर्ट्झच्या आसपास ३ डेसिबल कमी करून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानेच गाणं उघडतं.

मग शिट्टी शोधायची, माणसं यायच्या आधी. गायकाला थांबवून मास्टर अगदी हळू वर न्या. पहिली बारीक शिट्टी सुरू झाली की तिथेच थांबा, इक्वलायझरवर (वेगवेगळ्या उंचीचे सूर कमी-जास्त करणाऱ्या पट्ट्यांवर) ती पट्टी शोधा आणि ३ ते ६ डेसिबल कमी करा. दुसरी येईल, तीही करा. तिसरीनंतर थांबा, त्यापुढे कापत राहिलात तर आवाज कागदासारखा कोरडा होतो. जिथे पुन्हा शिट्टी येते त्याच्या ६ डेसिबल खाली मास्टर ठेवा. एवढं करूनही आवाज पुरत नसेल तर माइक जवळ घ्या किंवा स्पीकर पुढे सरकवा.

त्यानंतर तबला, पेटी, गिटार, या क्रमाने. मॉनिटरमध्ये गायकाचा आवाज आणि तानपुरा, बाकी मागितलं तरच. त्याचा ऑक्स (मॉनिटरला वेगळा आवाज पाठवणारा मिक्सरचा नॉब) ‘प्री-फेडर’ ठेवा म्हणजे समोरचा फेडर हलवला तरी गायकाला फरक पडत नाही. रिव्हर्ब, म्हणजे मिक्सरने घातलेली घूम, गच्चीवर थोडा चालतो. फरशीच्या हॉलमध्ये तो आधीच भिंतींनी दिलेला असतो, आणखी घालू नका. आणि ऐकायचं ते मिक्सरपाशी उभं राहून पुरेसं नाही: शेवटच्या रांगेत सतरंजीवर बसा, डोळे मिटा, गाण्यातले शब्द लिहून घेता येतील इतके कळतात का बघा. हॉल भरला की माणसांचे कपडे वरचे सूर शोषतात आणि घूम ओसरते, म्हणून पहिलं गाणं सुरू झाल्यावर एकदा पुन्हा मागे जाऊन ऐका.

ऐन वेळी अडलं तर

माइक अजिबात येत नाही: म्यूट, मग माइकचं स्वतःचं बटण, मग केबल बदला, मग चॅनल बदला, याच क्रमाने. खरखर येते ती केबलच्या टोकाशी. हलवून बघा, बदला, आणि खराब केबलला तिथल्या तिथे गाठ मारा म्हणजे ती पुन्हा चांगल्या केबलमध्ये मिसळत नाही. घरघर फक्त लॅपटॉप जोडल्यावर येत असेल तर चार्जर काढून बघा; गेली तर डीआय बॉक्समधून जोडा आणि त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा (ते आवाजाच्या केबलमधलं ग्राउंड तोडतं, विजेचं अर्थिंग नाही). एकाच स्पीकरमधून आवाज येत असेल तर चॅनलचा पॅन (डावी-उजवी वाटणी करणारा) नॉब एका बाजूला गेलेला असतो. मधोमध बसणाऱ्यांना डग्गा पोकळ आणि बाजूच्यांना भरीव वाटत असेल तर एका स्पीकरच्या केबलमध्ये २ आणि ३ नंबरच्या पिन उलट डागल्या आहेत, केबल बदला. पावसाचे थेंब पडले तर आधी मेन स्विच, मग ताडपत्री. त्या वेळी ओल्या हाताने प्लग ओढू नका.

आवरताना

केबल कोपरावर गुंडाळू नका, आतली तार पिळून तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा, असं हातावर घ्या. पुढच्या वेळी टोक धरून फेकली की गुंता न होता उलगडते. माइकच्या जाळीचा फोम काढून धुवा, वाळवा. समुद्राजवळ कार्यक्रम झाला असेल तर स्पीकरची जाळी, स्टँडचे स्क्रू आणि सगळे जॅक कोरड्या फडक्याने त्याच रात्री पुसा; खारी हवा दोन-तीन कार्यक्रमांत पितळेवर हिरवा थर आणते आणि पुढची खरखर तिथून सुरू होते. बॅटरीचा स्पीकर रिकामा ठेवून देऊ नका, अर्ध्याच्या वर चार्ज करून ठेवा, आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांत महिन्यातून एकदा तरी तासभर वाजवा.